वाचकांचे प्रश्न : प्रयोगशाळेत गेलेला सरकारी पैसा

गेल्या अंकात संशोधनाला मिळणाऱ्या सरकारी पैशाबद्दल प्रश्न मागवले, तेव्हा चार-दोन पत्रं येतील असं वाटलं होतं. राजारामपुरीतल्या आमच्या घरी टपालाने आणि मोबाइलवर मिळून सदतीस आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यातले पाच इथे घेतले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी शास्त्रज्ञ नाही. १९९२ ते २०२१ एका विद्यापीठाच्या लेखा विभागात संशोधन प्रकल्पांच्या टेबलावर होते. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन, जैवतंत्रज्ञान या विभागांची बिलं माझ्या हातून गेली. त्या टेबलावरून जे दिसलं तेच सांगते.

ताई, मंदी आली की सरकार रस्ते-पूल काढतं, लोकांच्या हाताला काम मिळतं, हे कळतं. पण अमेरिकेने २००९ च्या मंदीत विद्यापीठांतल्या आरोग्य संशोधनाला हजारो कोटी दिले असं मुलगा सांगत होता. उंदरांवर प्रयोग करून बाजार कसा उठतो?
— एक किराणा दुकानदार, कागल

दादा, प्रश्न रास्त आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मलाही तो पडला होता.

मुलगा सांगतो ते खरं आहे. १७ फेब्रुवारी २००९ ला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी अर्थव्यवस्थेला उभारी देणाऱ्या कायद्यावर सही केली. एकूण रक्कम ७८७ अब्ज डॉलर. त्यातले १०.४ अब्ज तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या वाट्याला आले. त्या वेळच्या दराने पन्नास हजार कोटी रुपयांच्या आसपास. सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांनी त्यासाठी जोर लावला होता. एनआयएचचा बहुतेक पैसा देशभरच्या विद्यापीठांना आणि रुग्णालयांना अनुदान म्हणून जातो. या जादा रकमेतला १ अब्ज डॉलर एनआयएचबाहेरच्या संस्थांमधल्या बांधकामाला होता, ३० कोटी डॉलर अनेक विभागांनी मिळून वापरायच्या उपकरणांना, आणि ८ अब्जांवर रक्कम प्रत्यक्ष संशोधनाला. मुदत मात्र जेमतेम दोन वर्षांची.

आता बाजाराचं. जैवरसायनाच्या एका साध्या प्रकल्पाची फाईल माझ्या डोळ्यांसमोर आहे. पहिलं बिल दोन मुलींच्या विद्यावृत्तीचं. त्या पैशातून खोलीभाडं, डबा, घरी पाठवायचे दोन-तीन हजार. दुसरं शाहूपुरीतल्या काचसामान विकणाऱ्याचं. तिसरं पुण्याहून बर्फाच्या पिशव्या घालून थर्मोकोलच्या खोक्यात आलेल्या किटचं, त्याला वेगळं टेम्पोभाडं. चौथं नवीन सॉकेट बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनचं. पाचवं खेड्यांत जाऊन रक्ताचे नमुने आणणाऱ्या गाडीच्या डिझेलचं. संशोधनाच्या पैशातला मोठा वाटा माणसांच्या पगारात जातो, आणि पगार बाजारात येतो. तुमच्या दुकानातसुद्धा येतो. रस्त्याच्या कामासारखाच हा पैसाही फिरतो, आणि शिकलेली मुलं शहरात टिकवून धरतो.

पण दादा, खरी अडचण मुदतीची आहे. दिवाळीला तुम्ही दुकानात चार पोरं जादा लावता आणि तुळशीचं लग्न झालं की त्यांना मोकळं करता. वजन करायला आणि पुड्या बांधायला पोरगं दोन दिवसांत शिकतं. पेशी वाढवायला शिकलेली मुलगी तयार व्हायला दोन वर्षं लागतात. त्या पेशींना दर दोन-तीन दिवसांनी नवं खाद्य द्यावं लागतं, रविवारीही आणि पाडव्यालाही. एकदा हात चुकला की बुरशी चढते आणि महिन्याचं काम फेकून द्यावं लागतं. म्हणजे ती मुलगी कामाची होते तेव्हाच दोन वर्षांची मुदत भरते.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. त्या पैशातून आव्हान-अनुदान नावाची योजना काढली, तिला वीस हजारांवर अर्ज आले आणि मंजूर झाले साडेआठशेच्या आतबाहेर. ज्यांना मिळालं त्यांनी माणसं घेतली, खोल्या वाढवल्या. दोन वर्षांनी जादा पैसा आटला, आणि २०१३ मध्ये सरसकट कपात आली तेव्हा एनआयएचच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातूनच ५ टक्के, म्हणजे दीड अब्ज डॉलरवर रक्कम गेली. ज्या प्रयोगशाळांनी पसारा वाढवला होता त्यांना तो आवरताना माणसं सोडावी लागली. याच देशाने १९९८ ते २००३ या पाच वर्षांत एनआयएचचं अंदाजपत्रक साडेतेरा अब्जांवरून सत्तावीस अब्जांवर नेलं होतं आणि मग कित्येक वर्षं जवळजवळ तिथंच ठेवलं होतं. तेव्हाही हाच फटका बसला होता.

म्हणून माझं मत असं की मंदीत संशोधनाला पैसा द्यावा, जरूर द्यावा, पण तिसऱ्या वर्षी काय मिळणार हे पहिल्याच वर्षी लिहून द्यावं. कमी द्या, पण दरवर्षी द्या. एकोणतीस वर्षांत मला कळलेली गोष्ट हीच, आणि खालच्या उत्तरांमध्येही ती पुन्हा पुन्हा येईल.

केंद्र सरकारने संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना काढली आहे. आमच्या महाविद्यालयाला त्यातून अनुदान मिळेल का?
— प्राचार्य, भुदरगड तालुका

त्यातून थेट नाही, सर. १ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ती योजना मुख्यतः खासगी उद्योगांनी संशोधनात उतरावं यासाठी आहे. पैसा दीर्घ मुदतीच्या, कमी किंवा बिनव्याजी कर्जाच्या रूपात आणि काही ठिकाणी भागभांडवल म्हणून जातो. तुमच्यासाठीचं दार अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचं, म्हणजे एएनआरएफचं. त्याचा कायदा २०२३ चा. पाच वर्षांत ५०,००० कोटी उभे करायचं त्यांचं उद्दिष्ट आहे, पण त्यातला बराच मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे, हे ध्यानात ठेवून आशा बांधा.

माझी मुलगी जैवतंत्रज्ञानात पीएचडी करते. पाच महिने झाले, विद्यावृत्ती आलेली नाही. वडील नाहीत. मी अंगणवाडीत आहे. मुलगी म्हणते, आई, गाइडला विचारायला लाज वाटते. काय करावं?
— एक आई, गडहिंग्लज

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि फोनही केला. इथे उत्तर देते ते तुमच्यासारख्या इतर आयांसाठी.

पहिलं म्हणजे मुलीला विचारा, तिची विद्यावृत्ती तिच्या स्वतःच्या नावावर आहे की गाइडच्या प्रकल्पातून आहे. सगळं इथूनच ठरतं. नेट परीक्षेतून यूजीसीची जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन विद्यावृत्ती मिळाली असेल तर १ जानेवारी २०२३ पासून तिचा दर महिना ३७,००० रुपये आहे, आणि दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ विद्यावृत्ती झाल्यावर ४२,०००. हे पैसे मुलीच्या खात्यावर थेट येतात. पण त्यासाठी विद्यापीठातल्या माणसाने दर महिन्याला पोर्टलवर तिची हजेरी भरावी लागते आणि दुसऱ्याने ती तपासून पुढे ढकलावी लागते. त्यातला एक जण रजेवर गेला की सगळ्यांचे पैसे अडतात. अशा वेळी मुलीने स्वतः जाऊन विचारायचं की या महिन्याची नोंद झाली का आणि कोणाकडे थांबली आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या टेबलाशी येऊन शांतपणे असं विचारणाऱ्या मुलामुलींची कामं आधी झाली, कारण त्यामुळे मलाही अडकलेला कागद सापडायचा.

प्रकल्पातून असेल तर गोष्ट लांबते. सरकार पहिला हप्ता देतं. दुसरा हप्ता मागायचा तर पहिल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, आणि खर्चाचा तक्ता पाठवावा लागतो. खात्यावर जमलेलं व्याजही सरकारला परत भरावं लागतं. चाळीस रुपयांचं व्याज भरल्याची पावती जोडली नाही म्हणून परत आलेलं प्रमाणपत्र मी स्वतः पाहिलं आहे. त्या एका पावतीपायी तीन मुलं चार महिने बिनपगारी राहिली. त्यातली एक मुलगी संध्याकाळी दहावीच्या शिकवण्या घेऊन भाडं भरत होती आणि सकाळी साडेसातला प्रयोगशाळेत हजर असायची. तिचा चेहरा आजही आठवतो. ती पावती शोधायला मी दोन दिवस आधी बसले असते तर, असं अजून वाटतं.

म्हणून मुलीने गाइडना एवढंच विचारावं, "सर, उपयोगिता प्रमाणपत्र कधी गेलं? जावक क्रमांक काय?" जावक क्रमांक मिळाला तर कागद खरंच बाहेर पडला आहे. नाही मिळाला तर तो अजून आपल्याच इमारतीत आहे आणि तिथेच शोधायचा. शिवाय तिने कुलसचिवांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, की थकलेल्या रकमेतून निम्मी तरी विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून उचल म्हणून द्यावी आणि हप्ता आला की वळती करून घ्यावी. काही ठिकाणी हे करतात. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.

कोरोनाच्या वेळी आपल्या सरकारनेही संशोधनासाठी असा खास पैसा दिला होता का? त्यातून काय हाती आलं?
— एमएस्सी भाग दोनचा विद्यार्थी, कोल्हापूर

दिला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये आत्मनिर्भर भारतच्या तिसऱ्या पॅकेजमध्ये ९०० कोटी रुपये लसींच्या संशोधनासाठी काढले. नाव मिशन कोविड सुरक्षा. पैसा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडे, राबवणारी त्याच विभागाची बायरॅक ही सरकारी कंपनी. याच मदतीतून झायकोव्ह-डी ही लस पुढे गेली. माणसांसाठी मंजूर झालेली डीएनएवर आधारलेली जगातली पहिली लस. २० ऑगस्ट २०२१ ला तिला आपत्कालीन परवानगी मिळाली.

पण बाळ, एवढ्यावर थांबू नकोस. कोव्हॅक्सिनचं उदाहरण घे. तिला ३ जानेवारी २०२१ ला आपत्कालीन परवानगी मिळाली आणि सगळे म्हणाले, वर्षाच्या आत लस! त्या लसीसाठीचा विषाणू वेगळा केला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. ही संस्था १९५२ पासून आहे. सुरुवातीला तिचं नाव विषाणू संशोधन केंद्र होतं आणि ती आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून उभी केली. म्हणजे २०२० च्या मार्चमध्ये विषाणू हाताळायला जी माणसं आणि ज्या बंदिस्त खोल्या तयार होत्या, त्यांच्यामागे अडुसष्ट वर्षांचा पगार, वीजबिल आणि दुरुस्ती होती. साथ आल्यावर पैसा ओतून अशी माणसं बाजारात विकत मिळाली नसती. सगळा देश मिळून आपण संशोधनावर करतो तो खर्च २०२०-२१ च्या सरकारी आकड्यांनुसार सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के. अमेरिका आणि चीन दोघंही दोन टक्क्यांच्या वर आहेत.

आधीपासूनची तयारी किती मोलाची असते हे मला कळलं ते आपल्याच महापुरात. ऑगस्ट २०१९. तू तेव्हा शाळेत असशील. पंचगंगा गावात आली होती, शिरोलीजवळ महामार्ग बंद, पंपांवर पेट्रोल-डिझेल संपत आलेलं. आमच्याकडच्या एका विभागात उणे ऐंशी अंशाचा फ्रीजर होता आणि त्यात खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्ताचे नमुने. चार वर्षं गोळा केलेले. प्रत्येक नळीवर बारीक अक्षरात गावाचा आणि बाईचा क्रमांक. वीज गेली. असा फ्रीजर दार मिटलेलं असलं तर काही तास थंडी धरून ठेवतो, म्हणून कोणीतरी वहीचा कागद फाडून दारावर चिकटवला होता : "उघडू नका." जनरेटर होता, डिझेल नव्हतं. एका संशोधक मुलाने मोटरसायकलवरून, पाण्याच्या कडेकडेने जाऊन, गारगोटीकडून दोन कॅन डिझेल आणलं. रात्रभर मुलं बाहेरच्या आकड्याकडे बघत बसली होती. उणे ७१, उणे ६६, उणे ६२. पहाटे जनरेटर सुरू झाला आणि आकडा परत खाली जायला लागला तेव्हा त्यातल्या एकाला रडू आलं.

महिन्याने त्या डिझेलचं बिल माझ्याकडे आलं. प्रकल्पाच्या मंजुरीत उपकरणं होती, रसायनं होती, प्रवास होता, डिझेलला हेडच, म्हणजे खर्चाचा रकानाच नव्हता. एका वरिष्ठांनी बिल परत करायला सांगितलं. मी ते किरकोळ खर्चात टाकलं, खाली कारण सविस्तर लिहिलं आणि सही केली. लेखापरीक्षणात शेरा आला, मी उत्तर दिलं, शेरा निघाला. ते नमुने पुढे कामी आले. तुमच्या पिढीने प्रस्ताव लिहिताना त्या डिझेलसाठी आधीच एक ओळ घालावी, एवढं माझं मागणं आहे.

मी इचलकरंजीच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. यंत्रमाग कामगारांच्या आरोग्यावर काम करायचं आहे. एकदम मोठं अनुदान मिळालं तर कोणतं उपकरण मागावं? सहकारी म्हणतात, मिळतंय तेव्हा मोठं मशीन घेऊन टाका.
— साहाय्यक प्राध्यापक, इचलकरंजी

सर, विषय वाचून आनंद झाला. इचलकरंजीला असं काम हवंच आहे. २०१२ मध्ये तुमच्या गावात दूषित पाण्यातून काविळीची साथ आली तेव्हा किती घरं हादरली हे तुम्हाला मी सांगायला नको.

मोठ्या मशीनबद्दल मात्र एक गोष्ट ऐका. एका वर्षी एका विभागाला फेब्रुवारीत एकदम निधी आला, ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचा. अल्ट्रासेंट्रिफ्यूज, म्हणजे नमुने प्रचंड वेगाने फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं यंत्र मागवलं. ते आलं तेव्हा खोलीला थ्री-फेज जोडणी नव्हती आणि जमीन पुरेशी सपाट नव्हती. वीज जोडणीचा खर्च बांधकाम विभागाचा की प्रकल्पाचा, यावर पत्रव्यवहार सुरू झाला. खोकं व्हरांड्यात, वर निळी ताडपत्री. मी दर महिन्याला जडवस्तू नोंदवहीच्या कामासाठी तिथून जायची. लाकडी पट्ट्यांवर पावसाळ्यात पांढरी बुरशी आली, मग ती वाळली, मग पुन्हा आली. करारात ओळ होती : हमी बसवल्यापासून १२ महिने किंवा माल निघाल्यापासून १५ महिने, यांत जे आधी संपेल ते. सोळाव्या महिन्यात खोकं उघडलं. आत एक भाग खराब निघाला आणि त्याला पैसे कुठून आणायचे, तर निधी केव्हाच संपलेला. विभागात हुशार मुलं होती, चांगले शिक्षक होते. घाईने दिलेला पैसा त्यांच्या उपयोगी पडला नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या कामाला बघा काय लागतं. सुताच्या धुळीने फुप्फुसांवर होणारा परिणाम हा तुमचा मुख्य प्रश्न. सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, ही त्या आजाराची जुनी खूण. हे पकडायला फुंकर मोजणारं स्पायरोमीटर लागेल, आणि त्याहून महत्त्वाचं, ते नीट फुंकायला लावणारं माणूस. कामगार रात्रपाळी करून आलेला असतो, पहिल्या दोन फुंकरी वाया जातात, तिसरी बरोबर येते. ती तिसरी येईपर्यंत धीराने समजावणाऱ्या, मागाच्या आवाजात बोलायची सवय असलेल्या दोन मुली तुम्हाला तीन वर्षं लागतील. अनुदानातली सगळ्यात मोठी ओळ त्यांच्या पगाराची धरा. महागड्या तपासण्यांसाठी स्वतःचं मशीन नको. शिवाजी विद्यापीठात सामाईक उपकरण केंद्र आहे, तिथलं शुल्क धरा.

डॉक्टर सोबत घ्या. फुप्फुसाच्या तपासणीचा अर्थ लावायला छातीविकाराचे तज्ज्ञ लागतातच, त्यासाठी कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी आधी बोला. तुमच्याकडे नीतिमत्ता समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडून, करार करून, परवानगी घेता येते. ती हातात आल्याशिवाय एकाही कामगाराची तपासणी करू नका, आणि संमतीपत्र त्यांच्या भाषेत ठेवा. मागावर मराठी, कानडी, हिंदी तिन्ही बोलणारे लोक आहेत.

हिशेबाचं थोडं. उपकरणाचं कोटेशन करासकट घ्या. संशोधन संस्थांना उपकरणांवर पूर्वी मिळणारी ५ टक्क्यांच्या जीएसटीची सवलत जुलै २०२२ मध्ये काढली गेली आणि कित्येकांचे अंदाज तिथेच कोलमडले. हमी संपल्यानंतरच्या दोन वर्षांचा देखभाल करार पहिल्याच प्रस्तावात मागा, नंतर कोणी देत नाही. किरकोळ खर्च तुटपुंजा ठेवू नका. वीज कुठे जाते, किती वेळ जाते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मसुदा झाला की त्यातलं अंदाजपत्रकाचं पान मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. आठवड्याभरात तपासून, जिथे शेरा येईल असं वाटतं तिथे पेन्सिलीने खूण करून परत करते.